रूबेन सरांचं तिसरं गाणं

"आधी मी," मुथाताई म्हणल्या. "माझी जागा कुणी चोरायच्या आत."

रशीदभाईंच्या हॉटेलात आम्ही चौघं बसलो होतो. बाहेर ऊन होतं अजून, उतरतं. समोर मिशन कंपाउंडचं गेट. त्यातून लोक बाहेर पडत होते, कुणी गुणगुणत, कुणी गाडीची चावी चाचपत. आतल्या हॉलमधे रूबेन सरांचा कार्यक्रम नुकताच संपला होता.

जागेचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

रूबेन ओहोळ सर मिशनच्या शाळेत गाणं शिकवायचे आणि ब्लूज गिटार वाजवायचे. नगरमधे ब्लूज. हसू नका, मीही हसलेलो. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं दुःखाचं गाणं, ते आमच्याकडं एक माणूस मराठीत गायचा, आणि गिटार अशी वाजवायचा की तुमच्या घरातलं कुणीतरी रडतंय असं वाटायचं. गावाला ते फक्त चर्चमधले सर म्हणून माहीत. आमच्यासारखी थोडी येडी माणसं मात्र एकही कार्यक्रम सोडायची नाहीत. आणि कार्यक्रम झाला की रशीदभाईंकडं.

सर आत शर्ट बदलायचे, गिटार पुसायचे, वायरी गुंडाळायचे, मग बनमस्का खायला यायचे. ते येईपर्यंत प्रत्येकानं आपली एक जागा सांगायची. जागा म्हणजे गाण्यात जिथं आपल्या आत काहीतरी हललं ते ठिकाण. एकच. दुसऱ्याच्या जागेला नाव ठेवायचं नाही. सगळ्यांचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. आणि सर दारात दिसले की विषय बंद. त्यांच्या तोंडावर एक शब्दाचं कौतुक करायचं नाही.

हा अशोक भिंगारदिवे काकांचा कायदा. काका लष्कराच्या डेपोत क्लार्क होते, रिटायर झालेले. सरांना ब्लूजची पहिली कॅसेट त्यांनीच दिलेली, दोघं पोरसवदा होते तेव्हा.

"तोंडावर कौतुक का नाही करायचं?" मी पहिल्या वेळी विचारलेलं.

"केलं की कलाकार परत त्याच जागी जातो," काका म्हणलेले. "म्हशीला हिरवळ दाखवल्यासारखं. मग चरतच बसतो तिथं."

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. एमआयडीसीत लेथवर होतो. गिटार मोबाईलवर बघून बघून शिकलेलो, म्हणजे शिकलो नव्हतोच. सरांना समोर बसून ऐकायची माझी ती तिसरी वेळ. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला ऐकताना खटकत होतं. सरांचं काहीतरी बिघडलं होतं. काय ते कळत नव्हतं. पण बिघडलं होतं. आणि माझ्या आजूबाजूला हॉलभर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मग मी गप्प. आपल्याला काय कळतंय म्हणून.

"तिसरं गाणं," मुथाताई म्हणल्या. ताईंचं कापड बाजारात दुकान, गळ्यात कायम मोजायची टेप, त्या दिवशीही होती. "मनमाडच्या गाडीचं. तिथं तो एक सूर ओढतो बघा, वर, वर, वर, आणि शेवटी नेऊन पोचवतो. आज अर्ध्यात सोडला! अर्ध्यात! माझ्या अंगावर काटा आला. म्हणलं, हा माणूस आज आपल्याला घरी पोचवतच नाही."

काकांनी डोळे मिटून मान हलवली. "आणि नंतर गप्प राहिला."

"केवढा गप्प! एवढं गप्प राहायची हिंमत आहे का कुणात?"

"ताई," मी म्हणलो, "तो सूर चुकला नव्हता का?"

टेबलाखालून तौसिफनं माझ्या नडगीवर लाथ घातली.

"सुयोग," काका म्हणले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुझ्या मोबाईलमधे सगळे सूर पोचतात. ब्लूजमधे न पोचणं हेच पोचणं असतं, बाळा. हळूहळू कळेल."

"पण..."

"दुसऱ्याच्या जागेला काय करायचं नाही?"

"नाव ठेवायचं नाही."

"हां. तौसिफ, तू."

तौसिफचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान होतं. सरांचा प्रत्येक कार्यक्रम तो शूट करायचा, स्टँड लावून. "माझी ती नळी," तो म्हणला. सर डाव्या हाताच्या बोटात काचेची नळी घालायचे, तारेवरून फिरवली की गिटार हुंदका द्यायची. "चौथ्या गाण्यात नळी पडली. गडगडत स्टेजच्या काठाला. दुसरा कुणी असता तर वाकून उचलली असती, सॉरी बिरी म्हणला असता. सरांनी बघितलं पण नाही! नुसत्या मोकळ्या तारांवर काढलं पुढचं. आणि गाताना शब्द कसे चावले, ऐकलं का? चार पेग मारल्यासारखे."

"पितो कुठं तो?" मुथाताई.

"तेच तर. न पिता ती चव आणली. काय माणूस आहे राव!"

"आणि मधे पाणी प्यायला," ताई म्हणल्या, "ते हनुवटीवरून खाली, सगळं शर्टवर. पुसलं नाही. मी पहिल्या रांगेत, मला स्वच्छ दिसलं. शुद्धच नव्हती त्याला देहाची."

रशीदभाईंनी चहा आणून ठेवला. "साहेबांचा बनमस्का लावू का?"

"लावा," काका म्हणले. "येईलच आता."

मी गेटकडं बघितलं. गर्दी संपत आली होती. सर नव्हते.

"माझी जागा वेगळी आहे," काका म्हणले आणि कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसले. "वीस वर्षं मी त्याच्या डाव्या अंगाला बसतो. तीच खुर्ची. प्रत्येक गाणं संपलं की तो माझ्याकडं बघतो, भुवई उडवतो. म्हणजे, काय, जमलं का? आज एकदाही नाही. मी हात केला. आमच्या अख्ख्या बाजूला बघितलं नाही त्यानं. वाळीत टाकल्यासारखं."

"का हो?" ताईंनी विचारलं.

"परवा आमचं वाजलं. विल्सनच्या कार्यक्रमाला जुनीच गाणी काय वाजवतोस म्हणलो. त्याला लागलं." काकांनी कप बाजूला सारला. "पण तो राग त्यानं गिटारमधे घातला बघ. तोंडानं एक शब्द नाही. ही माझी जागा. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा राग ऐकला मी."

विल्सन म्हणजे विल्सन पाटोळे, सरांचा जुना ड्रमर. ट्रकनं उडवलं होतं त्याला, कमरेखालचं गेलं होतं. पुण्याला ऑपरेशन करायचं होतं आणि त्याच्यासाठी हा सगळा कार्यक्रम. विल्सन पहिल्या रांगेच्याही पुढं व्हीलचेअरवर बसला होता, आणि शेवटी सरांनी आपली गिटार काढून त्याच्या मांडीवर ठेवली आणि चालत आत गेले. तेव्हा तर हॉलमधे बायका रडल्या.

"आता तू," काका मला म्हणले. "नवीन आहेस, पण सुट्टी नाही. जागा सांग."

माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो. आमच्या कंपनीच्या कँटीनमधे हात धुवायच्या बेसिनवर सेफ्टीवाल्यांनी एक पोस्टर लावलं होतं. ऑइलचे हात निघायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात मी ते रोज वाचायचो. दुसरं वाचायला काही नव्हतं तिथं. तोंड एका बाजूला ओघळलंय का. हात उचलताना पडतोय का. बोलणं जड येतंय का. खाली लाल अक्षरात, थांबू नका.

"माझी वेगळी जागा नाही," मी म्हणलो. "तुमच्याच सगळ्यांच्या आहेत."

"म्हणजे?"

"सूर ओढायला डाव्या बोटांत जोर लागतो. तो नव्हता. नळी डाव्या हातातनं पडली. काका, तुम्ही डावीकडं बसलेले, तुम्ही त्यांना दिसलाच नाहीत. पाणी तोंडातनं सांडलं. शब्द जड येत होते." मला माझाच आवाज वाढलेला ऐकू आला. "राग नाही काका तो. लकवा आहे. सरांना स्टेजवर लकव्याचा झटका आलाय."

तौसिफचा कप हातातच राहिला.

"खाली बस," काका म्हणले. मी उभा राहिलोय ते मला तेव्हा कळलं.

"काका, सर अजून का नाही आले?"

"दमला असेल. खाली बस. अरे, मी चाळीस वर्षं ओळखतो त्याला! त्याचा एक सूर इकडचा तिकडं झाला तर मला कळेल का तुला? काल आलास तू!"

"तुम्हालाच कळेल. पण आले का नाहीत?"

चौघांनी गेटकडं बघितलं. वॉचमन गेटचं एक दार बंद करत होता.

मी पळालो.

हॉलच्या पायऱ्यांपाशी विल्सन बसला होता, गिटार अजून मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. बायको रिक्षा बघायला गेलेली. "बघ," तो मला म्हणला, डोळे लाल, "कुणाला हात लावू देत नाही हिला. आज माझ्या मांडीवर ठेवून गेला. एक शब्द बोलला नाही."

"कुठायत सर?"

"मागच्या खोलीत. शर्ट बदलायला गेला मघाशीच. का रे? काय झालं?"

मागच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. सर बाकावर बसले होते. धुतलेल्या शर्टाची उजवी बाही घातलेली, डावी पाठीवर लोंबत. उजव्या हातानं ते ती बाही शोधत होते. हाताला लागायची, निसटायची. परत शोधायचे. डावा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"बाही... कुठं गेली रे ही," सर म्हणले. चावून चावून. मग हसले. अर्धे हसले. "येतो. बन सांगा."

मागं पावलं वाजली. काका दारात होते, धापा टाकत. मला वाटलं ओरडतील, रडतील, देवाचं नाव घेतील. काही नाही. ते सरांपुढं गुडघ्यावर बसले, तो पडलेला हात उचलला, लहान पोराचा घालतात तसा बाहीत घातला. वरपासून खालपर्यंत बटणं लावली.

"चल रूबेन," म्हणले. "बन नंतर."

मुथाताईंनी गाडी थेट कंपाउंडात घातली, हॉर्नवरचा हात काढलाच नाही. स्टेशन रोडला एक दवाखाना होता, तिथं मेंदूचा डॉक्टर असतो हे ताईंना माहीत होतं. डॉक्टर तरुण होता. सरांचे हात उचलायला लावले, हसायला लावलं, आणि आमच्याकडं वळून एकच विचारलं.

"हे सुरू कधी झालं? नक्की सांगा. वेळ गेली असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येत नाही. अंदाजे नको."

"तिसऱ्या गाण्यात," मुथाताई म्हणल्या.

"काय?"

"तिसऱ्या गाण्यात. त्याआधी व्यवस्थित होता."

"मॅडम, किती वाजता?"

तौसिफनं मोबाईल काढला. दोनदा कोड चुकला. मग व्हिडिओ पुढं ढकलला आणि त्या दवाखान्याच्या पॅसेजमधे, स्ट्रेचरपाशी, मनमाडच्या गाडीचा सूर वर निघाला. वर, वर. आणि तुटला.

"हा," तौसिफ म्हणला. "इथं." आणि शूट सुरू केल्याच्या वेळेत तेवढी मिनिटं मिळवून घड्याळाची वेळ डॉक्टरला सांगितली.

व्हिडिओतले लोक टाळ्या वाजवत होते. तौसिफनं आवाज बंद केला.

इंजेक्शन बसलं. सर वाचले. पाय आठवड्याभरात टेकायला लागला, जीभ सुटली, तोंड जवळजवळ जागेवर आलं. डावा हात नाही आला. आज आठ वर्षं होतील, नाही आला.

पण मला सांगायचंय ते वॉर्डातलं. दुपारची भेटायची वेळ होती. सरांना उशा लावून बसवलं होतं. आम्ही चौघं कॉटभोवती. ताईंनी मोसंबी आणली होती, ती त्या एकेक करून कपाटावर मांडत होत्या, परत उचलत होत्या. शेजारच्या कॉटवर एका म्हाताऱ्याची सून त्याला खिमट भरवत होती.

"सांगा," सर म्हणले.

"काय सांगू?" काकांनी विचारलं.

"जागा. चौघांच्या."

काका दचकले. "तुला नाही सांगायच्या, रूबेन. आपला नियम..."

"तुझा नियम. मी बनमस्का खात बसायचो आणि तुम्ही गप्प. वीस वर्षं मला माहीत नाही तुम्ही काय ऐकता. आता सांगा. आता मी कुठं चरायला जाणार आहे?"

मुथाताईंनी मोसंबं हातात धरलं. "छान झाला हो कार्यक्रम," म्हणल्या आणि तोंड फिरवलं.

सर माझ्याकडं वळले. "तू?"

मी काकांकडं बघितलं. काका फरशीकडं.

"तिसऱ्यात सूर पोचला नाही, सर," मी म्हणलो. "चौथ्यात नळी पडल्यावर नुसत्या मोकळ्या तारा वाजत होत्या, त्या गाण्याशी जुळत नव्हत्या. शेवटचं गाणं तर... झालंच नाही."

"बरोबर," सर म्हणले. "झालंच नाही."

त्यांनी उशीला डोकं टेकलं. बोलून दम लागायचा त्यांना.

"मला कळत होतं. बोटं ऐकंनात. समोर विल्सन. मी थांबू कसा? म्हणलं, लोक ओरडतील. कुणीतरी वर येईल, मला धरून बसवेल. मी वाट बघत होतो, खरंच. चुकीचा सूर निघाला आणि टाळ्या पडल्या. अजून वाईट निघाला, अजून टाळ्या. मग मला भीती वाटली. हाताची नाही, हाताचं तेव्हा विसरलो." त्यांनी मान काकांकडं वळवली, डावीकडं, मुद्दाम, जोर लावून. "अशोक, तुम्ही लोक वीस वर्षं ऐकत काय होता?"

पलीकडं चमचा वाटीवर वाजत होता, म्हाताऱ्याची सून कडा खरवडत होती.

काकांना बोलता येतं. ब्लूजवर तासभर बोलतील, पाण्याचा घोटही न घेता. त्या दिवशी त्यांचे ओठ नुसते हलत होते. मला वाटलं हे आता माफी मागतील, आणि मला ते बघायचं नव्हतं.

"शेवटच्या गाण्यात तुझा हात गिटारच्या दांडीवर नुसता पडला होता," काका म्हणले. "मला दिसत होता. तो हलत नव्हता. खोटं कशाला बोलू, दिसत होता मला."

"मग?"

"मग काही नाही. मला सगळं ऐकू आलं, रूबेन."

"काय ऐकू आलं? वाजलं काय त्यात?"

"जे नाही वाजलं ते. मला पाठ आहे तुझं. तू सूर सोडलास की माझ्या कानात तो आपोआप लागत होता, त्याच्या जागेवर. तुझा हात पडलेला दिसतोय, आणि गाणं पूर्ण चाललंय. ह्या पोराला पाठ नाही, म्हणून ह्याला भोकं ऐकू आली." काकांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता धरून ठेवला. "आम्हाला नाही आली ऐकू. हे असंच झालं."

सर त्यांच्याकडं बघत राहिले. चेहऱ्यावरून काही कळेना, अर्धा चेहरा तेव्हा तसाही कुणाला काही सांगत नव्हता.

"बनवतोस," शेवटी म्हणले.

"नाही."

"मग म्हण. शेवटच्या गाण्यात दुसरं कडवं संपतं, मी गप्प होतो, गिटार एकटी बोलते. काय बोलते?"

"मला गाता येत नाही, तुला माहितीये."

"मला वाजवता येत नाही," सर म्हणले. "म्हण."

काकांनी वॉर्डाकडं बघितलं. दारात नर्स होती, शेजारी सून, तिचा चमचा अर्ध्यात थांबलेला. काकांनी घसा साफ केला आणि सुरू झाले. ना धड नाक, ना धड घसा. भयानक आवाज होता, खरंच. बेसूर, फाटका, मधेच खोकला. पण ते थांबले नाहीत. एकेक सूर, मागून पुढचा, कुठं थांबायचं, कुठं घसरायचं, कुठं परत फिरायचं, सगळं. म्हातारा खायचं सोडून बघायला लागला.

सरांनी डोळे मिटले होते. उजव्या हाताची बोटं चादरीवर ठेका धरत होती. मग एका ठिकाणी त्यांचं तोंड कडू झालं आणि बोट वर झालं.

"वर," ते म्हणले.

काका वर गेले. आवाज चिरकला.

"अजून वर."